घर एकटं टाकता येत नाही

४ ऑक्टोबर

गच्चीवरून गॅसचं सिलिंडर चोरीला गेलं. भरलेलं. आजपासून रोजनिशी लिहायची ठरवली आहे, कारण पुढेमागे तपास निघाला तर माणसाकडे नोंदी हव्यात. मी तीस वर्षं साखरेच्या सरकारी गोदामाच्या किल्ल्या सांभाळल्या. निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा एक निमुळता सुळका इकडचा तिकडे झाला नाही. (ओल लागून विरघळले ते वेगळे.) आणि आता रिटायर झाल्यावर माझ्याच डोक्यावरून सिलिंडर जातं!

रकियाला विचारलं, गच्चीवर शेवटचं कोण गेलं होतं. म्हणाली, सगळ्याच बायका जातात, गच्ची आहे ती, बँक नव्हे. पोळी लाटत होती, मान वर केली नाही. रकिया माझी बायको. हे मी कुणाला सांगतोय कोण जाणे, मला माहीत आहे.

५ ऑक्टोबर

गच्चीची पाहणी केली. परिस्थिती गंभीर. आम्हा मेकनेसकरांच्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, मधे कंबरेएवढी भिंत. बायका कपडे वाळत घालतात आणि पाय टाकून पलीकडे जातात. पुरुष सहसा वर फिरकत नाहीत, त्यामुळे इतकी वर्षं ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. शेजारची हज्जा तामू तर आमच्या जिन्यानं थेट स्वयंपाकघरात उतरते. दार वाजवणं नाही, काही नाही. हातात कधी पीठ असतं, कधी नुसतंच तोंड.

निश्चय: एका महिन्यात हे घर गोदामासारखं करून दाखवीन.

१३ ऑक्टोबर

द्रिस लोहार येऊन गेला. सगळ्या गच्चीवर जाळी ठोकली. भिंतीवर बाटल्यांच्या काचा लावल्या. द्रिसनं विचारलं, सी बूश्ता (म्हणजे मी; सी मानानं लावतात), कपडे कुठे वाळवणार? मी म्हटलं, सुरक्षितपणे.

रकिया जिन्यात उभी राहून बघत होती. म्हणाली, तुरुंग केलात. मी ही प्रशंसा समजतो. तुरुंगात बाहेरून चोर शिरल्याचं कधी ऐकलेलं नाही.

२० ऑक्टोबर

दार पूर्ण झालं. जुन्या लाकडावर पोलादी पत्रा, कडेनं रबर, आतून तीन कड्या, बाहेरून एक कुलूप. द्रिस म्हणत होता बघायला एक भोक ठेवू या. मी साफ नकार दिला. भोक म्हणजे भोक. ज्यातून मी बाहेर बघतो त्यातून बाहेरचा आत बघतो.

शिवाय नवा नियम. आपल्याकडे दार वाजलं की आतून विचारतात, कोण? आणि बाहेरून उत्तर येतं, जवळचंच. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळं गाव हेच सांगतं. नाव कुणी सांगत नाही. जावईही जवळचाच आणि विजेचं बिल आणणाराही जवळचाच! यापुढे हे चालणार नाही. नाव, वडिलांचं नाव, कामाचं स्वरूप. तिन्ही मिळाल्याशिवाय कडी निघणार नाही.

सायंकाळी पहिला प्रयोग हज्जा तामूवर झाला. गच्ची बंद म्हणून दारावर आली होती. तिनं स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, मग न विचारता माझ्या वडिलांचंही सांगितलं आणि ते काय काम करायचे तेही. सगळ्या गल्लीत ऐकू गेलं. तरीही प्रयोग यशस्वी.

२५ ऑक्टोबर

चार-पाच दिवसांत घरी कोणीही आलेलं नाही. रकियाशी बोलायलाही कोणी नाही. घरात इतकी शांतता आधी कधी नव्हती. सिस्टिम चालते आहे.

२८ ऑक्टोबर

रकिया सेफ्रूला तिच्या भावाकडे गेली. हवापालट. बोचकं बांधून दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, काढा कड्या, माझ्याच घरातून बाहेर पडायला मला अर्ज करावा लागतो. मी तिन्ही काढल्या. ती बाहेर पडली. मी लगेच तिन्ही लावल्या. आता सवयच झाली आहे.

नंतर वाटलं, ती पायरीवर थांबली होती बहुतेक. काही म्हणायचं असेल. पण रबरामुळे बाहेरचं फारसं ऐकू येत नाही.

३१ ऑक्टोबर

हज्जा तामूनं पलीकडच्या गच्चीवरून जाळीतून हाका मारून मला वर बोलावलं. म्हणाली, काय रे बूश्ता, रकिया रुसून गेली आणि तू इथे भिंतीवर काचा मोजत बसलास? मी म्हटलं, रुसून नाही, हवापालटाला. ती म्हणाली, हवापालटाला बाई उन्हाळ्याचे नि हिवाळ्याचे दोन्ही कपडे नेत नाही रे बाबा.

ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती.

रीत सगळ्यांना माहीत आहे. बायको रुसून माहेरी गेली की नवऱ्यानं गल्लीतलं एखादं वडीलधारं माणूस बरोबर घ्यायचं, निळ्या कागदातला साखरेचा सुळका घ्यायचा आणि जायचं. भाऊ दोन शब्द सुनावतो, चहा होतो, बायको बोचकं उचलते. एवढंच असतं. हज्जा तामू म्हणाली, वडीलधारी म्हणून मी येते, गुडघे दुखतात पण येते. मी म्हटलं, साखरेच्या बाबतीत मला कोणी शिकवायची गरज नाही. शुक्रवारी जाऊ.

सुळका आणला. मीच निवडला, टोक शाबूत असलेला.

२ नोव्हेंबर

धक्कादायक. सिलिंडर हज्जा तामूकडे आहे. तिच्या नातीच्या बारशाला रकियानंच दिलं होतं. परत करायला आले तर तू गच्ची बंद केलीस, म्हणाली, आणि दारातून आणायचं तर सिलिंडरच्या बापाचं नाव काय सांगू?

विचार केला. चोरी झाली की नाही हा मुद्दाच नाही. होऊ शकली असती. उपाययोजना तशाच चालू राहतील.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो नाही. कपडे घातले होते, सुळका काखेत होता, कुलूप हातात होतं, आणि एकदम लक्षात आलं की मी गेलो तर घर एकटं पडतं. इतका खर्च करून, इतकी मेहनत घेऊन घर एकटं टाकून जायचं? चोर याचीच तर वाट बघत असतात. आधी रकिया घरात असायची म्हणून मी गावभर हिंडायचो. आता तिला आणायला जायचं तर घरात कोण?

हज्जा तामूला पायाची शीर आखडली म्हणून सांगितलं. ती म्हणाली, कुठल्या पायाला? मी डाव्या म्हटलं.

७ नोव्हेंबर

मुलीचा फोन. गिझलान टँजियरला कारखान्यात असते. म्हणाली, बाबा, आईला आणायला जा ना, ती रोज दुपारी दाराकडे तोंड करून बसते म्हणे. मी म्हटलं, जाणारच आहे, आधी घराची व्यवस्था लावतो. तिनं विचारलं, कसली व्यवस्था? मी समजावून सांगितलं. तिला ब्रेक संपला म्हणून फोन ठेवावा लागला.

यावर आता शास्त्रशुद्ध उपाय काढला आहे. घर रिकामं असलं तरी चालेल, ते रिकामं दिसता कामा नये. आजपासून रेडिओ दिवसभर चालू.

१० नोव्हेंबर

रेडिओ पुरेसा नाही. रेडिओ कोणीही लावून जाऊ शकतं. चोर मूर्ख नसतात. घरात बाई आहे असं दिसलं पाहिजे, कारण बाई असलेल्या घरात चोर शिरत नाही, निदान आमच्या गल्लीत तरी. रकियाच्या सपाता बाहेर ठेवणार होतो, पण त्या ती घेऊन गेली. बाजारात नवीन घेतल्या. दुकानदारानं माप विचारलं. मला सांगता येईना. पस्तीस वर्षं त्या पायांशेजारी चाललो, मधे चार पावलांचं अंतर ठेवून, पण माप कधी कळलंच नाही. त्यानं मग विचारलं, तरुण आहेत का? मी म्हटलं, हो. उगाच चर्चा नको. लाल रंगाच्या दिल्या, वर सोनेरी फूल.

जुन्या बाजारातून दोन फुलाफुलांचे गाऊनही घेतले. जाळीच्या आतून दोरीवर लटकवले. रोज ओले करून वाळत घालायचे, म्हणजे खरं वाटतं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रयोग: मी घराबाहेर. आधी जवळच, भट्टीपर्यंत. दार ओढण्यापूर्वी आत तोंड करून मोठ्यानं म्हटलं, अगं ए, ऐकलंस का, मी पाव घेऊन आलोच. नाव घेतलं नाही. बायकोचं नाव गल्लीत घेणारा नवरा खोटा वाटतो. परत आलो तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

सेफ्रू पुढच्या शुक्रवारी. एकदम लांबचा पल्ला नको.

१५ नोव्हेंबर

रोजच बोलतो आहे. नुसतं अगं ए म्हणून पुरत नाही, पुढे काहीतरी लागतं. आज म्हटलं, अगं ए, मसूर निवडून ठेव, आज थंडी आहे. काल म्हटलं, तुझं डोकं दुखत असेल तर पड जराशी. हे मी रकियाला कधी म्हणत नसे. गरजच पडली नव्हती. हल्ली बाहेर जायचं नसलं तरी दुपारी एकदा बोलून घेतो. सरावाला.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

सेफ्रू राहिलं. पण गल्लीत माझ्याबद्दलचा आदर वाढल्याचं जाणवतं. न्हाव्यानं गळ्यात पडून मुबारक म्हटलं. मी नम्रपणे म्हटलं, अहो द्रिसची मेहनत आहे. त्याचा चेहरा विचित्र झाला. भट्टीवाला डोळा मारून म्हणाला, या वयात धाडस केलंत, सी बूश्ता. मी म्हटलं, घर सुरक्षित ठेवायला वय आड येत नाही. दोघेही नंतर बराच वेळ हसत होते. कौतुक माणसं अशीच करतात.

हज्जा तामू मात्र बोलत नाही. काल मला बघून रस्ता बदलला. बारशाच्या सिलिंडरची लाज वाटत असणार.

२३ नोव्हेंबर

मोठं यश. टोळी परतवली.

दुपारी दार वाजलं. विचारलं, कोण? बाहेरून बाईचा आवाज आला, जवळचंच. रबरातून घुसमटलेला, तरी एवढं कळलं. मी नियमाप्रमाणे नाव विचारलं. गप्प. वडिलांचं नाव विचारलं. गप्प. कामाचं स्वरूप? काही नाही. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही त्याच्या मनात काय असणार हे सांगायला नको. मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. आत तोंड करून खणखणीत आवाजात म्हटलं, अगं ए, तू उठू नकोस, बस तू. कोणी परकं आहे, मी बघतो.

मग पावलं गेली.

खात्री करून दार उघडलं. सपाता मी मुद्दाम वेड्यावाकड्या ठेवतो, नैसर्गिक दिसावं म्हणून. त्या कुणीतरी जोडीनं नीट लावून ठेवल्या होत्या. हा टोळीचा संकेत असावा. पुन्हा वाकड्या केल्या.

२४ नोव्हेंबर

ती रकिया होती.

हज्जा तामूनं सांगितलं. सकाळी दारावर येऊन, नाव वगैरे न सांगता, दोन्ही मुठींनी पत्रा बडवला. म्हणाली, रुसून गेलेली बाई स्वतःच्या पायानं परत आलेली मी या जन्मात पाहिली नव्हती, बूश्ता. काल पाहिली. बोचकं घेऊन आली होती. तू दुसरी आणलीस अशी बातमी तिथवर पोचली होती, पण ती म्हणाली, त्याच्याच्यानं ते व्हायचं नाही, मी ओळखते त्याला. म्हणून आली. तर दारात लाल सपाता, दोरीवर कुणाचे तरी गाऊन, आणि आतून तू लाडेलाडे बोलतोस!

मी म्हटलं, तिनं नाव का नाही सांगितलं. हज्जा तामू म्हणाली, काय सांगायचं होतं तिनं? स्वतःच्या दारात उभं राहून सगळ्या गल्लीला? रकिया, अमक्याची मुलगी, काम बायकोचं?

मी तिला आत नेऊन दाखवलं की घरात कोणी नाही. सगळ्या खोल्या दाखवल्या. तिनं रेडिओ बंद केला आणि खुर्चीवर बसून रडली. मला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं. मी चहा ठेवला.

जाताना म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा. मी म्हटलं, शुक्रवारी नक्की.

मात्र यात एक धोका आहे. घरात बाई नाही हे आता उघड झालं.

२५ नोव्हेंबर

मेहुण्याला, मक्कीला, फोन केला. सगळी सिस्टिम सविस्तर समजावली. सपाता, गाऊन, अगं ए. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, म्हणजे आत कोणीच नव्हतं? मी म्हटलं, शपथेवर, कोणीच नाही. मग म्हणाला, दुसरी बायको असती ना दाजी, तर मी तिला काहीतरी सांगू शकलो असतो. हे मी तिला काय सांगू?

मी म्हटलं, उद्या सुळका घेऊन येतो. म्हणाला, या. आवाज बरा होता. म्हणजे दार उघडं आहे.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

निघालो! हज्जा तामू धुतलेला पांढरा झगा घालून, गुडघ्यांना पट्ट्या बांधून तयार होती. सुळका तिच्या मांडीवर. सहा माणसं भरली की टॅक्सी सुटते. पाच झाली होती. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की कुलूप लावलं, पण कड्या? कड्या आतून आहेत. म्हणजे मी बाहेर असताना त्या लागलेल्याच नसतात! इतक्या दिवसांत हे सुचलं कसं नाही! निव्वळ एका कुलपावर घर टाकून मी सेफ्रूला निघालो होतो.

एक मिनिटात आलो म्हणून उतरलो. घरी आलो, आत गेलो, तिन्ही कड्या लावल्या. जिवात जीव आला. मग लक्षात आलं की आता मी आत आहे.

टॅक्सी भरली, माझ्याशिवाय. हज्जा तामू उतरून चालत आली. सुळका माझ्या दारात, लाल सपातांवर आडवा ठेवून गेली. दार वाजवलं नाही.

३ डिसेंबर, शुक्रवार

द्रिसला बोलावून विचारलं, आतल्या कड्या बाहेरून लावता येतील अशी काही सोय? तो म्हणाला, येईल की. पण मग चोरालाही उघडता येतील, सी बूश्ता.

बरोबर आहे. म्हणजे हे घर नीट बंद व्हायला आत एक माणूस लागतं. ते माणूस आणायला मला बाहेर जावं लागतं. आणि मी बाहेर गेलो की घर बंद होत नाही. दुपारभर यावर विचार केला. यातून मार्ग असणार. गोदामात असे प्रश्न रोज यायचे. तिथे आम्ही दोघे होतो.

आज अगं ए म्हटलं नाही. आता ऐकणारं कोण आहे, सगळ्यांना माहीत झालंय. सायंकाळी एकदा चुकून म्हटलं गेलं.

९ डिसेंबर

घरातली साखर संपली. पाऊस, त्यात कुठे कुलूप लावून बाहेर पडा. सुळका फोडला. अर्धाच. उरलेला अर्धा कागदात नीट गुंडाळला तर पूर्ण दिसतो. नेता येईल.

१० डिसेंबर, शुक्रवार

पाऊस.

१८ डिसेंबर

चांगली बातमी.

गिझलानचा फोन आला. पोलादामुळे आत रेंज नीट येत नाही, म्हणून दार उघडून उंबऱ्यावर बसून बोललो. म्हणाली, बाबा, आईचा राग गेला. मी म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हतो? जरा वेळ दिला की सगळं नीट होतं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, आई आता झग्यांची रेशमी बटणं करायला जाते, मक्कीमामाच्या शेजारच्या अंगणात, दहा-बारा जणी असतात. बोटं चालतात नि तोंडंही. परवा फोनवर मागून तिचं हसणं ऐकलं, मला आधी ओळखूच आलं नाही. तिथेच एक खोली घेतलीय तिनं. गच्ची आहे खोलीला.

मी म्हटलं, उत्तम, राग गेलाच आहे तर मी शुक्रवारी साखर घेऊन येतो आणि घेऊन येतो तिला. उगाच लांबण नको.

गिझलान एकदम हळू आवाजात, तिच्या लहानपणी मी तिला समजवायचो तसं म्हणाली, बाबा, साखर रुसलेल्या बाईकडे नेतात.

मी बरं म्हटलं. तिनं विचारलं, जेवलात का. मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो. फोन ठेवल्यावर तसाच बसून होतो. गल्लीतून दोन-तीन माणसं गेली, सलाम करून गेली. त्यांचं नाव विचारायचं राहिलं.

१९ डिसेंबर

सकाळी उठलो तर बाहेरचं दार सताड उघडं. काल उंबऱ्यावरून उठून आत आलो आणि तसाच झोपलो. कडी नाही, कुलूप नाही. रात्रभर.

सगळं घर तपासलं. स्वयंपाकघर, कपाट, जिना, गच्ची. पुन्हा एकदा तपासलं. काहीही गेलेलं नाही. कोणी आलं नव्हतं.